सोन्याचा डाग

ज्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं, त्याच वर्षी तिच्या नवऱ्याला मी आमच्या लाँड्रीत कामाला लावलं. लग्नानंतर नवव्या दिवशी. तारीख आठवत नाही, पण वार सोमवार होता. सोमवारी तिन्ही दवाखान्यांच्या चादरी एकदम यायच्या आणि हात कमी पडायचे. म्हणूनच मुकादम मला म्हणाला होता, असेल तुझ्यातला कुणी तर घेऊन ये.

बहिणीला घरात सगळे धाकटीच म्हणत. तिच्या नवऱ्याला मी दाजी म्हणायचो. ते माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान होते, पण बहिणीचा नवरा वयानं लहान असला तरी मानानं मोठा, तेव्हा मी त्यांना अहोजाहो करायचो. ते मला दादा म्हणायचे आणि तेही अहोजाहोच करायचे. एका खोलीत दोन कुटुंबं दाटीनं राहत, इतकं आमचं घर लहान होतं, पण बोलण्यात एकमेकांना आम्ही भरपूर जागा द्यायचो.

लाँड्री म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. एका टोकाला मळके गठ्ठे यायचे, मग आठ मोठी पिंपं, मग पिळायची यंत्रं, मग वाफेवरचा इस्त्रीचा रोलर, आणि अगदी शेवटी तपासणीचं टेबल. टेबलावर पांढऱ्या नळ्यांचा लख्ख उजेड. तिथं दोघंजण चादरीची दोन टोकं धरून ती उजेडापुढं ताणायचे. डाग दिसला की ज्याला दिसेल त्यानं ओरडायचं, "डाऽऽग!" मग गाडीवाला ती चादर उचलून परत पिंपाकडं न्यायचा. यंत्रांच्या आवाजात ऐकू जायला हाक पोटातून काढावी लागे. दिवसातून शंभर वेळा तरी ती हाक व्हायची.

मी तपासणीच्या टेबलावर होतो.

त्या शेडमध्ये चौसष्ट माणसं होती आणि त्यात काळा मी एकटा. आमचे लोक शहरात पुष्कळ होते, पण ते रस्त्यावर, गटारात, इमारतींच्या पायात. डोक्यावर छप्पर असलेल्या कामावर लागलेला मी पहिला. दाजी येण्याआधीची चार वर्षं मी तिथं काय ऐकलं ते सगळं सांगत बसत नाही. सकाळी मी आत आलो की कुणीतरी म्हणायचं, "बत्ती लावा रे, अंधार पडला." चादरीला हात लावला की म्हणायचे, रंग सुटेल. पहिल्या वर्षी मी मान खाली घालून काम केलं. दुसऱ्या वर्षी मला एक युक्ती सापडली. आत आल्या आल्या मीच म्हणायचो, "बत्ती लावा रे, मी आलो." मग सगळे हसायचे, कुणी पाठीवर थाप मारायचं, आणि दिवसभर बोलणी कमी बसायची. हळूहळू मला चटकच लागली. माझ्या बापाचं चालणं, माझ्या आईचं अडखळत बोलणं, आमच्या वस्तीतली भांडणं, सगळ्याच्या नकला मी जेवणाच्या सुट्टीत करून दाखवायला लागलो. मुकादम डबा बाजूला ठेवून हसायचा. मला वाटायचं, मी त्यांना जिंकलं.

त्या सोमवारी दाजी आले. लग्नातलाच शर्ट होता, बाह्या दुमडलेल्या. माझा रंग तसा मध्यम; दाजी माझ्याहून दोन हात गडद. मुकादमानं त्यांना गाडी दिली आणि पिंपाकडून माझ्या बाजूला पाठवलं. मधल्या वाटेत ओल्या चादरी दोऱ्यांवर टांगलेल्या होत्या, दोन्ही बाजूंना, एकामागं एक. त्या पांढऱ्या भिंतींतून दाजींचं डोकं येताना दिसलं. टेबलापाशी आम्ही सहाजण होतो. पाचजणांचं लक्ष त्यांच्याकडं गेलं आणि मग पाचही जणांनी माझ्याकडं बघितलं. आता हा काय म्हणतो, असं.

आणि माझ्या तोंडून पोटातली हाक निघाली. "डाऽऽग!"

असं हसू त्या शेडमध्ये त्याआधी झालं नव्हतं. रोलरवरच्या बायका डोळे पुसत होत्या. मुकादम लांबून धावत आला, काय झालं विचारलं, आणि कळल्यावर टेबलाला धरून हसला. चादरींच्या पलीकडं दाजींना फक्त हाक ऐकू आली होती आणि हसणं. कोण ओरडलं ते दिसलं नव्हतं. ते बाहेर आले तेव्हा त्यांना वाटलं चादर न्यायची आहे. हात पुढं करून म्हणाले, "द्या."

त्याला दुसऱ्यांदा हसले सगळे.

त्या दिवसापासून लाँड्रीत मला कुणी "बत्ती लावा" म्हटलं नाही. हे मला त्याच आठवड्यात कळलं होतं. उगाच भोळेपणाचा आव आणत नाही. पण त्यानंतर ती हाक मी कधी मारली नाही; डाग दिसला की जोडीदाराला कोपरानं खुणवायचो, ओरडायचा तो.

संध्याकाळी चालत घरी येताना दाजींनी विचारलं, "दादा, कोण हो ओरडलं ते?"

मी म्हटलं, "मुकादम. त्याचं तोंडच तसं आहे. मनावर घेऊ नका."

महिनाभरानं सगळ्यांना कामाचे निळे डगले मिळाले, खिशावर नाव शिवलेले. कोठारवाला यादी घेऊन फिरत होता. दाजींचं नाव लांबलचक, त्याच्या जिभेला ते झेपेना. तो मला म्हणाला, तुझाच नातेवाईक ना, काय लिहू सांग. दाजी तेव्हा पिंपाकडं होते. भोवती चार माणसं उभी होती आणि पुन्हा तेच, माझ्या तोंडाकडं बघणं. मी म्हटलं, "सगळे हाक मारतात तेच टाका."

डगला घरी आला. धाकटीनं अक्षरांवरून बोट फिरवलं. लाल दोऱ्याची दोन अक्षरं. वाचता आम्हा तिघांनाही येत नव्हतं. तिनं विचारलं, काय लिहिलंय? दाजींना माहीत होतं. दिवसभर तीच हाक ऐकत होते. त्यांनी भिंतीकडं बघितलं. मी म्हटलं, "डाग."

"डाग?"

"अगं, सोन्याचा डाग. आपल्यात नाही का म्हणत, अंगावर चार डाग असावेत म्हणून? तसं. कामाला वाघ आहेत ना दाजी, म्हणून मुकादमानं नाव ठेवलं. लाँड्रीचा दागिना."

आमच्या लोकांत दागिन्याला डाग म्हणतात. तिथल्या लोकांना तो अर्थ ठाऊकच नव्हता. धाकटी लाजली. नवऱ्याचा डगला तिनं खुंटीवर अक्षरं दिसतील असा लावला. तिच्या अंगावर सोन्याचा एक मणी नव्हता; पुढं कितीतरी वर्षं ती शेजारणींना सांगायची, माझा डाग कामाला जातो.

त्या संध्याकाळी दाजी मला जिन्यात गाठून म्हणाले, "दादा, उपकार झाले. घरात तुम्ही माझी लाज राखलीत." आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. सांगायचं होतं तर ती वेळ होती. पण माझा हात त्यांच्या हातात होता आणि तो मला बरा वाटत होता.

एकतीस वर्षं दाजींनी तिथं काम केलं, आणि कामापलीकडं त्यांच्याशी कुणी बोलत नसल्यानं ती पहिली हाक कुणाची ते त्यांना कळलं नाही. टेबलावर कुणीही "डाग" ओरडलं की त्यांची मान वर यायची. कधी हाक चादरीसाठी असायची, कधी त्यांच्यासाठी. ते दोन्हीला "आलो" म्हणायचे.

त्यांना एकच मुलगी झाली. जन्मल्यापासून तिचं तोंड बंद नाही, म्हणून तिचं नाव पडलं रेडिओ. सात वर्षांची असताना ती खुंटीखाली उभी राहून वाचायला लागली. ड ला काना डा, ग. "बाबा, तुमच्या छातीवर मळ लिहिलाय." धाकटीनं तिला एक चापट दिली. मी पोरीला मांडीवर घेतलं आणि सोन्याची गोष्ट सांगितली. तिनं ती मानली. बारा वर्षांची झाली तेव्हा एकदा डबा द्यायला शेडमध्ये आली. तपासणीच्या टेबलावर हाक झाली आणि तिनं बापाची मान वर येताना बघितली. एवढी बडबडी पोर दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "मामा, तुला खरंच सोनं वाटलं होतं?"

मी म्हटलं, "मला कुठं वाचता येतं, बाळा?"

"आणि नाव ठेवलं कुणी?"

"मुकादमानं."

दुसऱ्यांदा सांगितलेलं खोटं पहिल्याहून सोपं जातं.

लाँड्री बंद पडली तेव्हा मी चौसष्टचा होतो. घरी बसून काय करणार, म्हणून रेडिओनं मला अक्षरं शिकवायला घेतली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर रोज सकाळी तासभर. पंधराव्या दिवशी तिनं आतून बापाचा जुना डगला आणला आणि माझ्यापुढं पसरला. म्हणाली, "हा वाच मामा, सोपा आहे. दोनच अक्षरं." मी ते वाचलं. आयुष्यात आपणहून वाचलेला माझा पहिला शब्द तो. तिनं टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते तिला आनंदाचं वाटलं.

पुढं तिनं कचेरीतली नोकरी करता करता ते स्टँडअप सुरू केलं. माइकपुढं एकटीनं उभं राहायचं आणि लोकांना हसवायचं, त्याला तिकीट. दाजी म्हणायचे, "आम्ही एकतीस वर्षं उभं राहूनच काढली, आम्हाला कुणी बघायला आलं नाही." पण लेकीच्या प्रत्येक कार्यक्रमाला ते पहिल्या रांगेत असायचे. लाँड्रीतल्या वाफेनं आणि कापसाच्या बारीक तंतूंनी त्यांची फुप्फुसं गेली होती. दोन जिने चढले की बसावं लागे. तरी यायचे.

मोठ्या सभागृहातला तिचा पहिला कार्यक्रम रविवारी दुपारी चारला होता. तीनशे खुर्च्या, सगळ्या भरलेल्या. बरेचसे गोरे, पण मागं आमचे लोकही होते, इस्त्रीचे कपडे घालून आलेले. मी, दाजी आणि धाकटी पुढं बसलो.

रेडिओ आली, माइक उंच होता तो खाली केला, आणि म्हणाली, "मागच्यांना दिसते ना मी? विचारावं लागतं. फोटोवाला नेहमी म्हणतो, ताई, जरा उजेडात या. अरे बाबा, मी उजेडातच आहे. तुझा उजेड कमी पडतोय."

मग भाड्याच्या घराची गोष्ट. फोनवर मालकीणबाई म्हणाल्या, या लगेच. दारात हिला बघून म्हणाल्या, अगं, आत्ताच गेलं. "मी जिन्यात बघितलं, खिडकीतून बघितलं. म्हटलं एवढं तीन खोल्यांचं घर, जाऊन जाऊन जाणार किती लांब?"

मग म्हणाली, "लोक विचारतात, तुम्ही मूळच्या कुठल्या? मी म्हणते, सरकारी दवाखाना, तिसरा मजला, खाट अकरा. म्हणतात, नाही हो, त्याच्या आधी? त्याच्या आधी आईच्या पोटात. तिथंही अंधारच होता, पण सगळ्यांना सारखा."

लोक हसत होते. मी त्यांची तोंडं बघत होतो. जन्मभर मी हीच तोंडं हसवली होती, आणि हसणाऱ्यांची तोंडं मला ओळखता येतात. माझ्या नकलांवर हसून झालं की ही माणसं खुर्चीत आणखी पसरून बसायची. हिच्या बोलण्यावर हसून झालं की सावरून बसत होती, पाय जवळ घेत होती. आमचे लोक मागून हसत होते ते वेगळं. त्यांच्यातला एकजण तर मांडीवर थापा मारत "हो, हो" म्हणत होता, जणू साक्ष देतोय.

मग तिनं एका पिशवीतून तो डगला काढला.

"हे माझ्या बाबांचं. बाबा लाँड्रीत होते. शहरभरचे डाग काढायचे आणि छातीवर डाग लावून घरी यायचे. मुकादमानं ठेवलेलं नाव. सोडा, उकळतं पाणी, एकतीस वर्षं. डगला विरला, खिसा फाटला, अक्षरं तशीच. मुकादमसाहेब, असाल तिथं ऐका. माणूस वाईट होतात ते सोडा, तुमची पावडरसुद्धा हलकी होती."

सभागृह दणाणलं. ती हसू ओसरेपर्यंत थांबली आणि मग आवाज उतरवून म्हणाली, "आणि हा माझा मामा. इथं बसलाय. याला तेव्हा अक्षरओळख नव्हती. यानं घरी येऊन सांगितलं, डाग म्हणजे सोन्याचा डाग. दागिना. माझ्या आईनं ते खरं मानलं. आमच्या घरात सोनं एवढंच होतं, आणि बाप ते घालून गटारीच्या कडेनं कामाला जायचा. चोर कसा शिवला नाही, देव जाणे. मला जगानं मळ शिकवला, मामानं सोनं. याला म्हणतात अडाणी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काहीजण उठून उभे राहिले आणि मला बघायला लागले. धाकटी पदराखाली रडत होती. दाजींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

बाहेरच्या वाटेत गर्दी होती. तिकीटखिडकीवरची बाई, पन्नाशीची, गोरी, आपलं काम सोडून आमच्याकडं आली. दाजींच्या पुढं उभी राहिली. मग म्हणाली, "मी मुकादमांची मुलगी. ते गेले, आठ वर्षं झाली. त्यांच्या वतीनं माफी मागते."

दाजी गडबडले. म्हणाले, "अहो ताई, राहू द्या. जुनं झालं सगळं." आणि माझ्याकडं हात करून म्हणाले, "आमचे हे दादा होते ना. यांच्यामुळं निभावलं."

ती बाई माझ्याकडं वळली आणि माझेही आभार मानले.

ते तीन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. धाकटी म्हणाली, कौतुक पचत नाही वाटतं तुला. बुधवारी सकाळी मी ठरवून दाजींकडं गेलो. धाकटी औषधं आणायला बाहेर पडली होती. दाजी खिडकीपाशी बसले होते, श्वासाचं यंत्र बाजूला घुर्रघुर्र करत होतं.

साधं सांगायचं होतं. चार शब्द. पण माझ्या तोंडाला सरळ बोलायची सवयच नाही. मी म्हटलं, "दाजी, तुमच्या पहिल्या दिवशीची गंमत सांगू?" आणि उभा राहून नकला सुरू केल्या. टेबलावरचे सहाजण. रोलरवरच्या बायका. टांगलेल्या चादरी. त्यातून दाजी कसे येत होते, मान काढून, गाडी ढकलत. दाजी हसायला लागले. म्हणाले, "अगदी असंच." त्यांना हसताना बघून मला बळ आलं आणि मी पोटातून हाक काढली. "डाऽऽग!"

दाजी अजून हसत होते. मग थांबले. यंत्राची नळी हातानं बाजूला केली.

"पुन्हा मार."

"काय?"

"हाक. पुन्हा मार."

माझ्याच्यानं ती निघाली नाही. त्याची गरजही नव्हती. एकेचाळीस वर्षांपूर्वी चादरींच्या पलीकडून ऐकलेला आवाज त्यांनी ओळखला होता.

"तूच होतास," ते म्हणाले.

सगळ्या आयुष्यात ते मला पहिल्यांदा तू म्हणाले.

"हो."

"मुकादम नव्हता."

"नव्हता."

"आणि शिवायला लावलं?"

"तेही मीच."

त्यांनी तोंड खिडकीकडं वळवलं. खाली कुणी सायकलला हवा भरत होतं, त्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, मला भीती वाटत होती, चार वर्षं मी एकटा होतो, ते माझ्याकडं बघत होते. खरं होतं सगळं, पण बोलताना मलाच हलकं वाटलं. त्यांनी मला अडवलं नाही. मी थांबल्यावर म्हणाले, "थुंकलास तू, आणि पुसलंसही तूच. मी मात्र पुसल्याबद्दल जन्मभर हात जोडले."

मी त्यांच्या पायाला हात लावायला वाकलो. त्यांनी पाय मागं घेतले. जावयानं पाय मागं घेणं आमच्यात मानाचं असतं. थोरानं आपल्या पाया पडू नये म्हणून घेतात. हे तसं नव्हतं.

"रेडिओला बोललास?"

"नाही."

"मग मी आहे तोवर बोलू नकोस. तुझ्या नावावर लोक टाळ्या वाजवतात तेव्हा तिचं तोंड कसं दिसतं ते मी समोरून बघतो. तेवढं मला हवंय. मी गेल्यावर सांग. काय करायचं ते ती ठरवेल." मग दम घेऊन म्हणाले, "त्या तिकीटवाल्या बाईला मात्र आज सांग. ती उगाच वाकली."

मी त्याच दुपारी गेलो. खिडकीपुढं रांग होती, रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आल्यावर सांगितलं. बाई ऐकत राहिली, हातात नाणी तशीच. मग विचारलं, "माझे वडील तेव्हा हसले होते?"

"हसले होते."

"मग मी मागितलेली माफी परत घेत नाही," ती म्हणाली. "तुमची तुम्ही मागा." आणि माझ्या मागच्या माणसाला तिनं पुढं बोलावलं.

त्यानंतर रेडिओचे आणखी पाच कार्यक्रम झाले. पाचही वेळा दाजी आले, पाचही वेळा तिनं डगला काढला, मुकादमाला झोडपलं आणि माझ्यावर टाळ्या घेतल्या. दाजी टाळ्या वाजवायचे. आता आमच्या दोघांच्या मध्ये ते धाकटीला बसवायचे. चारचौघांत मला तुम्ही म्हणायचे, आम्ही दोघंच असलो की तू. आणि शक्यतो आम्ही दोघंच असू नये असं बघायचे. धाकटीला वाटलं आमचं काहीतरी बिनसलंय. म्हणाली, आपलेच दात आपलेच ओठ, मिटवून टाका. काय मिटवायचं ते तिला माहीत नव्हतं. अजून नाही.

शेवटचे दहा दिवस ते दवाखान्यात होते. आमच्या शेडमध्ये ज्या तिन्हींच्या चादरी यायच्या त्यांतल्याच एका दवाखान्यात. आता चादरी दुसरीकडं धुतात. एका सकाळी त्यांनी अंगावरच्या चादरीची कड उचलून उजेडाकडं धरली, जुन्या सवयीनं, आणि कोपऱ्यातल्या एका पिवळट ठिपक्यावर बोट ठेवलं. "डाग," म्हणाले, अगदी हळू. मग मान वळवून माझ्याकडं बघितलं. ते चादरीबद्दल बोलले की माझ्याबद्दल, मला विचारता आलं नाही. मी परिचारिकेला बोलावून चादर बदलून घेतली.

रेडिओ, हे तुझ्यासाठी आहे. समोर बसून सांगायला दोनदा आलो होतो. एकदा तू चहा ठेवलास आणि मी चहावरून काहीतरी बोललो, तू हसलीस, आणि मी परत गेलो. दुसऱ्यांदाही तसंच. तोंडानं सांगितलं तर मी तुला हसवीन आणि त्या हसण्यात सुटून जाईन, म्हणून तू शिकवलेल्या अक्षरांत लिहिलंय. चुका असतील, त्या दुरुस्त कर. बाकी काही बदलू नकोस. पुढच्या रविवारी मी नेहमीच्या खुर्चीवर असेन. डगला काढशील तेव्हा माझ्याबद्दल काय सांगायचं ते तुझं तू ठरव. लोक माझ्याकडं वळून बघतील, तेव्हा मी उठून जाणार नाही.

मुकादमाचं नाव मात्र काढ त्यातून. पावडरीचं राहू दे, ते चांगलं आहे.

तुझे बाबा, माझे दाजी, सोळा नोव्हेंबरला, गुरुवारी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी वारले. धाकटीच्या लग्नाला त्या महिन्यात बेचाळीस वर्षं झाली.